अनुरणनाचा थांबा : गिटारच्या गोठवलेल्या नादाचा इतिहास

१

तारेवर आघात झाला की नाद जन्मतो आणि त्याच क्षणापासून तो ओसरू लागतो. गजाच्या वाद्यांत वादकाचा हात नादाला सतत पोसत राहतो, सुषिर वाद्यांत श्वास पोसतो. छेडून वाजवायच्या वाद्यांना हे भाग्य नाही. तिथे वादकाचा नादावरचा अधिकार आघाताबरोबरच बव्हंशी संपतो. त्यानंतर तो तार ओढून सूर वर-खाली करू शकेल, तारेवर बोट टेकवून नाद मध्येच मिटवू शकेल. पण जो ओसरतो आहे त्याला ‘थांब’ म्हणणे त्याच्या हातात नसते. गिटार या दुसऱ्या कुळातले वाद्य आहे, आणि इलेक्ट्रिक गिटारचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने या मर्यादेशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

या झगड्यातला अलीकडचा टप्पा ‘फ्रीझ’ या नावाने ओळखला जातो. २०१० साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या अमेरिकी कंपनीने त्याच नावाचे एक छोटे पेडल बाजारात आणले. पायाने त्याचे बटण दाबले की त्या क्षणी वाजत असलेला सूर किंवा स्वरसमूह जागच्या जागी थांबतो आणि बटण सोडेपर्यंत तसाच तिष्ठत राहतो. गिटारवादक मोकळ्या झालेल्या हातांनी त्याच्यावर दुसरे काही वाजवू शकतो. ही सोय त्याआधीही निराळ्या रूपांत उपलब्ध होती, आणि आज रिव्हर्बच्या अनेक यंत्रांत ती असते. तिथे थांबतो तो मूळ सूर नसून त्याच्यामागे रेंगाळणारे अनुरणन.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर ‘अनुरणन’ या शब्दातच आहे. हा शब्द मराठी समीक्षेला नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ रचला, तेव्हा वाच्यार्थानंतर उमटणाऱ्या व्यंग्यार्थाचा एक प्रकार समजावताना त्याने अनुस्वानाची, म्हणजे घंटेवर टोल पडल्यावर मागाहून घुमत राहणाऱ्या नादाची उपमा वापरली. या प्रकारात वाच्य आणि व्यंग्य यांच्यातला क्रम ध्यानात येतो: आधी टोल, मग घुमणे. म्हणून त्याला संलक्ष्यक्रम म्हणतात. या उपमेचे सारे बळ क्रमात आहे. आघात आणि अनुरणन यांच्यात काळाचे अंतर नसेल, किंवा अनुरणन कधीच ओसरणार नसेल, तर उपमा उभी राहणार नाही. जे अनुरणन गोठवता येते ते अनुरणन उरते का, हा प्रश्न म्हणूनच केवळ वाद्यतंत्राचा नाही.

२

आधी अनुरणन म्हणजे काय ते नीट पाहू. विजापूरच्या गोल घुमटात आपण टाळी वाजवतो आणि ती पुन्हा पुन्हा, सुटी सुटी ऐकू येते. तो प्रतिध्वनी. एखाद्या मोठ्या दगडी चर्चमध्ये गायक थांबल्यावरही सूर हवेत तरळत राहतो, त्यातले सुटे उच्चार वेगळे काढता येत नाहीत. ते अनुरणन, म्हणजेच रिव्हर्ब. भिंती, छत, खांब यांवरून परतणाऱ्या हजारो लाटा इतक्या दाटीने कानावर येतात की कान त्यांना मोजू शकत नाही, त्यांची एक साय धरते. परतताना प्रत्येक लाट थोडी ऊर्जा भिंतीला आणि हवेला देऊन येते. म्हणून साय पातळ होत जाते.

हे पातळ होणे मोजण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाला जाते. १८९५ साली तिथल्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह त्याच्यापुढे अडचण म्हणून आले. त्या खोलीत उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, आणि वक्त्याचे एक वाक्य दुसऱ्यात मिसळून जाई. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या उशा रात्री आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि नाद विरायला लागणारा वेळ मोजला. खोलीचे घनफळ वाढले की हा वेळ वाढतो, शोषून घेणारे पृष्ठभाग वाढले की कमी होतो, हे सूत्र त्यातून हाती आले. पुढे अनुरणनकाळाची व्याख्या ठरली: नादाची पातळी ६० डेसिबलने खाली यायला, म्हणजे त्याची तीव्रता दहा लाखांत एक भाग इतकी उरायला लागणारा वेळ. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल या गणिताच्या आधारे बांधले गेले.

सॅबाइनच्या या सूत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. अनुरणन ऐकणाऱ्याला ते जागेची बातमी सांगते आणि काळाचीही. खोली केवढी, भिंती दगडाच्या की पडद्यांनी झाकलेल्या, हे कान अनुरणनावरून ओळखतो. आघात होऊन किती वेळ लोटला हेही तो ओसरणीवरून ओळखतो. विसाव्या शतकातल्या यंत्रांनी या दोन बातम्या एकामागून एक काढून घेतल्या. आधी जागा गेली, मग काळ गेला.

३

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात अनुरणन हवे असेल तर तशी जागा शोधावी लागे. १९४७ साली शिकागोच्या बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिकॅट्स या त्रयीची ‘पेग ओ’ माय हार्ट’ ही तबकडी मुद्रित करताना स्नानगृहाचा उपयोग केला. मूळ नाद कर्ण्यातून तिथे सोडायचा, तिथल्या फरश्यांवरून उसळलेला नाद मायक्रोफोनने टिपायचा, आणि हवा तेवढाच मूळ नादात मिसळायचा. वरवर पाहता ही एक युक्ती आहे, पण तिने एक मूलभूत फारकत केली. वादक एका जागी वाजवत होता आणि श्रोत्याला दुसरीच जागा ऐकू येत होती. १९५८ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये डुएन एडी या गिटारवादकाच्या ‘रेबल राउझर’साठी निर्माता ली हेझलवूडने पाण्याची दोन हजार गॅलनची रिकामी टाकी हीच खोली म्हणून वापरली. एडीच्या खर्जातल्या गिटारचा तो लांब, रखरखीत घुमारा ऐकणाऱ्यांना वाळवंटाची आठवण झाली. प्रत्यक्षात तो घुमारा एका टाकीच्या पोटातला होता.

जागा इतकी सुटी झाल्यावर तिची गरजच काय, हा पुढचा प्रश्न होता. ऑर्गनकर्ता लॉरेन्स हॅमंड याने तो १९३० च्या दशकातच सोडवायला घेतला होता. घरातल्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या ऑर्गनला चर्चचा घुमारा हवा, म्हणून त्याने धातूच्या स्प्रिंगा वापरल्या. नाद स्प्रिंगेच्या एका टोकाला द्यायचा; तो तिच्या वेटोळ्यांतून धावतो, दुसऱ्या टोकावरून परततो, पुन्हा धावतो. १९६१ साली फेंडर कंपनीने हीच रचना गिटारसाठी स्वतंत्र पेटीत आणली, आणि १९६३ पासून ती ॲम्प्लिफायरच्या आतच बसवली जाऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीताचा ओला, ठिबकणारा नाद या स्प्रिंगांचा आहे. ॲम्प्लिफायरला धक्का लागला की आतल्या स्प्रिंगा गडगडतात, हे कुठल्याही गिटारवादकाला ठाऊक असते. जर्मनीत १९५७ साली ईएमटी कंपनीने पोलादाचा एक मोठा पत्रा ताणून बसवलेले ‘१४०’ हे यंत्र काढले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते. अवजड खरे, पण अख्ख्या सभागृहापेक्षा हलकेच. स्प्रिंग असो वा पत्रा, जागेऐवजी आता एक वस्तू घुमत होती. श्रोता ज्याला जागा समजत होता ती कुठेच अस्तित्वात नव्हती.

शेवटचे पाऊल बेल प्रयोगशाळेत पडले. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ आणि १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वस्तूलाही रजा दिली. नादाचे आकड्यांत रूपांतर करायचे, ते आकडे क्षणभर थांबवून ठेवायचे, एका गुणकाने गुणायचे आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन मिसळायचे. वेगवेगळ्या लांबीची अशी अनेक वर्तुळे एकत्र चालवली की लाटांची दाटी तयार होते. १९७६ साली ईएमटीचे ‘२५०’ आणि १९७८ साली लेक्सिकॉन कंपनीचे ‘२२४’ ही यंत्रे बाजारात आली तेव्हा या गणिताच्या वाटेने जाणारा रिव्हर्ब ध्वनिमुद्रणगृहांत पोचला. खोली ही आता गणितातली एक संख्या झाली होती.

या संख्येपाशी जरा थांबायला हवे, कारण फ्रीझचे बीज तिच्यात आहे. समजा गुणक ०.७ आहे. दहा फेऱ्यांनंतर मूळ नादाचा सुमारे ०.०२८ इतका अंश उरतो. गुणक ०.९९ केला तर दहा फेऱ्यांनंतरही ०.९० च्या आसपास उरतो, आणि अनुरणन एखाद्या प्रचंड गुहेतले वाटू लागते. गुणक एकापेक्षा मोठा असेल तर प्रत्येक फेरीत नाद फुगत जाऊन यंत्र किंचाळू लागते. आणि तो बरोबर एक असेल तर नाद ना वाढतो ना ओसरतो. दगडाच्या कोणत्याही इमारतीत हा गुणक एक होऊ शकत नाही. भिंत आणि हवा आपला वाटा घेतल्याशिवाय राहत नाहीत. कागदावर मात्र एक ही इतरांसारखीच एक संख्या आहे.

४

जागेची बातमी अशी नाहीशी होत असताना काळाशी चाललेला खेळ वेगळ्या वाटेने पुढे सरकत होता. ती वाट टेपची. १९६३ साली पॅरिसमध्ये ‘म्युझिक फॉर द गिफ्ट’ या नाट्यसंगीतावर काम करताना अमेरिकी संगीतकार टेरी रायली याने फ्रेंच रेडिओच्या तंत्रज्ञाकडून एक रचना करून घेतली. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे, एकच टेप दोघांतून ओवायची. पहिला मुद्रित करतो, दुसरा काही क्षणांनी तेच वाजवतो, आणि वाजलेले पुन्हा पहिल्याकडे पाठवले जाते. वादक स्वतःच्याच भूतकाळाबरोबर वाजवू लागतो. पॉलीन ऑलिव्हेरोस या संगीतकर्तीने १९६६ सालच्या ‘आय ऑफ फोर’ या रचनेत याच जातीची रचना वापरली.

१९७२ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला ब्रायन इनो याच्या घरी ही रचना इलेक्ट्रिक गिटारपर्यंत आली. इनोने दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर मांडले आणि ‘किंग क्रिम्सन’चा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप त्यांच्यात वाजवत गेला. त्यातून निघालेली ‘द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन’ ही जवळजवळ एकवीस मिनिटांची रचना १९७३ साली ‘नो पुसीफुटिंग’ या तबकडीवर प्रसिद्ध झाली. तिच्यात सूर थरावर थर चढत जातात आणि एका सुराचा शेवट कुठे झाला ते सांगता येत नाही. पण त्यातला कोणताही थर कायम नाही. टेपवरून टेपवर उतरताना प्रत्येक फेरीत नादाचा वरचा उजाळा झिजतो, सुरसुर वाढते, कडा बोथट होतात. जुना सूर दूर गेला आहे हे त्याच्या झिजेवरूनच कळते. फ्रिपने पुढे ‘फ्रिपरट्रॉनिक्स’ या नावाने अनेक एकट्याच्या मैफली केल्या, तेव्हाही ही झीज त्याच्या संगीताचा भाग होती. टेप नाद धरून ठेवत होती, आणि धरता धरता विसरत होती.

या घराण्याचा आपल्या संगीताशी असलेला संबंध सांगताना जपून बोलले पाहिजे. सगळे काही भारतातून गेले असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि टेपच्या युक्तीबाबत तरी तसे म्हणता येत नाही. रायलीने ती १९६३ साली वापरली. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत पोचले आणि त्यानंतर रायली त्यांचा शिष्य झाला. टिकवलेल्या सुराकडे पाहण्याच्या दृष्टीबाबत मात्र संबंध खराच आहे. रायलीचा सहकारी ला मॉन्ट यंग याने विद्यार्थिदशेत अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची १९५५ सालची तबकडी ऐकली होती आणि तिच्यातल्या तानपुऱ्याने त्याला झपाटले होते. १९५८ साली त्याने ‘ट्रायो फॉर स्ट्रिंग्ज’ ही अतिदीर्घ सुरांची रचना लिहिली. पुढे तोही प्राणनाथांकडे शिकला. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ, आणि त्यांच्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे मिरजेचे रहिवासी होते, ज्या मिरजेत आजही तानपुरे घडवले जातात. न्यूयॉर्कमधल्या एका अखंड सुराची एक बारीक मुळी अशी मिरजेपाशी येते. तानपुऱ्याचे पुढे पुन्हा काम पडणार आहे.

५

टेप नाद गोळा करत होती तेव्हाच गिटारवादकांचा दुसरा एक वर्ग ताराच मरू न देण्याच्या खटपटीत होता. ॲम्प्लिफायरचा आवाज इतका मोठा करायचा की कर्ण्यातून निघालेल्या हवेच्या लाटांनी तार पुन्हा कंप पावू लागेल. तारेचा नाद कर्ण्यात, कर्ण्याचा नाद तारेत. १९६४ साली बीटल्सच्या ‘आय फील फाइन’च्या प्रारंभी या फीडबॅकचा एक सूर मुद्दाम ठेवलेला ऐकू येतो, आणि दोन-तीन वर्षांत जिमी हेंड्रिक्सने त्याला गिटारच्या भाषेचा भाग केले. इथे नाद थांबवलेला नाही. तो पोसलेला आहे. वादक कर्ण्यापासून पाऊलभर सरकला तरी सूर वरच्या सप्तकात उडी मारतो किंवा तुटतो. वादकाचे शरीर, कर्णा आणि खोली यांच्यातला तो प्रत्यक्ष व्यवहार आहे.

१९७६ साली ‘ई-बो’ नावाचे हातात मावणारे यंत्र आले. ग्रेग हीट या अमेरिकी संशोधकाच्या या यंत्रात एक वेटोळे तारेचे कंपन टिपते आणि दुसरे चुंबकीय जोराने तीच तार हलवत ठेवते. फीडबॅक आता कर्णकर्कश आवाजाशिवाय मिळू लागला. कॅनडाच्या मायकेल ब्रूकने याच तत्त्वावर ‘इन्फिनिट गिटार’ घडवली. यू-टू या आयरिश वाद्यवृंदाच्या ‘विथ ऑर विदाउट यू’ या १९८७ सालच्या गीतात तिचा लांबच लांब सूर ऐकू येतो. ब्रूकने पुढे नुसरत फतेह अली खाँ यांची १९९० सालची ‘मस्त मस्त’ ही तबकडी घडवली, आणि १९९५ साली मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्याबरोबर ‘ड्रीम’ ही तबकडी केली. श्रीनिवासांच्या मँडोलिनचे आघातयुक्त, गमकांनी भरलेले सूर एका बाजूला आणि ब्रूकच्या पार्श्वभूमीचे न ओसरणारे नाद दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी आहे. छेडलेल्या सुराची क्षणभंगुरता न संपणाऱ्या सुराशेजारी ठेवल्यावर किती उठून दिसते, याचा तो चांगला दाखला आहे.

तार पोसणे आणि अनुरणन गोठवणे यांतला भेद इथे स्पष्ट होतो. ई-बोने टिकवलेला सूर वर्तमानात आहे. बोट हलवले की तो हलतो, बोट उचलले की संपतो. गोठवलेला सूर भूतकाळात आहे. त्याला जन्म देणारी तार आता दुसरेच काही वाजवते आहे, कदाचित काहीच वाजवत नाही.

६

श्रोडरच्या गणितातला तो ‘एक’ गिटारवादकाच्या पायाखाली आला तो १९८० च्या दशकात. १९८३ सालचे बॉस कंपनीचे ‘डीडी-२’ हे छोटे डिजिटल डिले पेडल. त्यात ‘होल्ड’ ही सोय होती. सेकंदाच्या अंशाएवढा नादाचा तुकडा ती पुन्हा पुन्हा वाजवत राही. टेपसारखी झीज इथे नव्हती. शंभराव्या फेरीतला तुकडा पहिल्या फेरीतल्यासारखाच. मात्र तुकड्याचा सांधा कानाला जाणवे, आणि म्हणून त्याला गोठलेला सूर म्हणण्यापेक्षा अडखळणारा सूर म्हणणे अधिक योग्य. रिव्हर्बच्या यंत्रांत ही अडचण कमी होती. तिथे वर्तुळे अनेक आणि निरनिराळ्या लांबीची असतात, त्यामुळे सांधे एकमेकांत बुडून जातात. गुणक एक करायचा, नवा नाद आत येण्याचे दार बंद करायचे, आणि आतली साय फिरत ठेवायची, इतकेच फ्रीझचे मर्म. दार बंद करणे आवश्यक असते. ते उघडे ठेवले तर प्रत्येक नवा सूर जुन्यावर साचतो आणि काही वेळात सगळ्याचा चिखल होतो. काही यंत्रांत वादकाला दोन्ही पर्याय दिलेले असतात. दार बंद असेल तर एक चित्र चौकटीत थांबते. उघडे असेल तर न पुसता लिहीत गेलेल्या पाटीसारखे होते.

हे वाजवणाऱ्यांच्या अनुभवातून काही नियमवजा गोष्टी निघाल्या आहेत, आणि त्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. आघाताच्या क्षणीच बटण दाबले तर नखीचा किंवा बोटाचा खरखरीत आवाजही पकडला जातो आणि गोठलेला नाद कर्कश होतो. म्हणून वादक आघातानंतर किंचित थांबून, सूर स्थिरावल्यावर बटण दाबतो. किंवा आवाज नियंत्रित करणाऱ्या पेडलने आघात झाकून सूर हळूच वर आणतो. स्वरसमूहात गंधार असेल तर पुढचे सगळे वादन शुद्ध किंवा कोमल अशा एका रंगात बांधले जाते. केवळ षड्ज-पंचम गोठवले तर वरच्या सुरांना मोकळीक राहते. खर्जातला गोठलेला नाद लवकर जड होतो. वरच्या कंपनांची धार थोडी कापली तर तो मागे सरतो आणि वरचे वादन पुढे येते. सर्वांत अवघड निर्णय तो कधी सोडायचा हा. गोठवलेला नाद पाच-दहा सेकंदांनी कानाला जाणवेनासा होतो. तो पार्श्वभूमी होतो, भिंतीच्या रंगासारखा. ज्या क्षणी वादक पाय उचलतो त्या क्षणी तो पुन्हा ऐकू येतो, कारण तो आता नाही.

या शेवटच्या निरीक्षणात या सगळ्या इतिहासाचे सार आहे असे मला वाटते. अनुरणन आपल्याला जागेची आणि काळाची बातमी देत होते. स्प्रिंग, पत्रा आणि आकडे यांनी जागेची बातमी बनावट केली. फ्रीझने काळाची बातमी पुसून टाकली: आघात होऊन तीन सेकंद झाले की तीन मिनिटे, हे गोठलेल्या नादावरून सांगता येत नाही. जागा नाही, काळ नाही, क्रम नाही. आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलायचे तर हा नाद लक्ष देण्याजोगा क्रमच गमावून बसला आहे. यंत्राने जे काढून घेतले ते परत आणण्याची जबाबदारी मग वादकावर येते, आणि तो ते आपल्या पायाने परत आणतो. तो केव्हा पकडतो आणि केव्हा सोडतो यातूनच त्या नादाला आरंभ व अंत लाभतो. अंत निसर्गाने दिलेला असताना तो ऐकणे पुरेसे होते. आता तो ठरवावा लागतो.

७

या जबाबदारीची दोन प्रकारची उत्तरे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत.

पहिले ऑलिव्हेरोसचे. टेपच्या विलंबाशी दोन दशकांपूर्वीच खेळून झालेली ही संगीतकर्ती १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये स्टुअर्ट डेम्पस्टर आणि पनायोटिस या सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वर्डन इथे जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरली. टाकी वीस लाख गॅलनची, आणि तिचे अनुरणन सुमारे पंचेचाळीस सेकंदांचे. त्या वेळी हवे तेवढे लांब अनुरणन देणारी यंत्रे बाजारात होती. तरीही ती मंडळी अकॉर्डियन, ट्रॉम्बोन आणि आपले आवाज घेऊन शिडीने खाली गेली. तिथे वाजवलेला प्रत्येक सूर पाऊण मिनिट सोबत राहणार होता आणि मागे घेता येणार नव्हता. म्हणून प्रत्येक सूर वाजवण्याआधी ऐकावे लागत होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तबकडीचे नाव ‘डीप लिसनिंग’. तीस वर्षांपूर्वी एडीच्या गिटारसाठी टाकी वापरली गेली तेव्हा ती टाकी लपवलेली होती. इथे टाकी हीच चौथी वादक होती, आणि तिचे पंचेचाळीस सेकंद लांब असले तरी मोजलेले होते.

दुसरे उत्तर आपल्या घरचे आहे. तानपुरा अखंड वाजतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तानपुऱ्यातली एकही तार अखंड वाजत नाही. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, प्रत्येक ओसरू लागते, आणि ती पुरती विरण्याआधी तिच्याकडे बोट पुन्हा येते. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या पसरट माथ्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याच्या बारीक जुळणीमुळे, प्रत्येक छेडीतून स्वयंभू सुरांचे तेज क्रमाक्रमाने उमलते आणि मिटते. अखंडता आहे ती छेडणाऱ्याच्या पुनरावृत्तीत आणि ऐकणाऱ्याच्या कानात. तानपुऱ्याचा सूर सतत मरत असतो म्हणून तो जिवंत वाटतो. गोठवलेला सूर कधी मरत नाही, आणि थोड्याच वेळात निर्जीव वाटू लागतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल गायकांची जी जुनी तक्रार आहे, की सूर बरोबर आहे पण सोबत मिळत नाही, तिचे मूळही बहुधा इथेच असावे.

म्हणून फ्रीझ हे तंत्र त्याज्य ठरते असे नाही. त्याने गिटारवादकाला आधी कधी न मिळालेली एक गोष्ट दिली आहे: स्वतःच्या एका क्षणाकडे वळून पाहण्याची सवड. टेपमध्ये भूतकाळ फेऱ्या घालत परत येत होता. फ्रीझमध्ये तो समोर स्थिर उभा राहतो आणि त्याच्याशी संवाद करता येतो. लेखकाला हे नवे नाही. उच्चारलेला शब्द विरतो आणि लिहिलेला थांबतो. थांबलेल्या शब्दाकडे परत जाता येते, त्याच्यावर दुसरे काही लिहिता येते. पण केवळ थांबला म्हणून शब्दातून ध्वनी उमटत नाही. वाचणाऱ्याच्या मनात तो पुन्हा उच्चारला जावा लागतो, म्हणजे त्याला पुन्हा आरंभ आणि अंत मिळावा लागतो. गोठवलेल्या नादाचेही तसेच आहे. तो धरून ठेवण्याचे काम आता यंत्र करते. त्याला अनुरणन करण्याचे काम, म्हणजे त्याला सोडण्याचा क्षण ओळखण्याचे काम, अजून माणसाकडेच आहे.